प्रेसवाले काका

नाशिकरोडला जेल रोडच्या बाजूची जुनी सोसायटी म्हटली की तिच्यात एक तरी प्रेसवाले काका असायचेच. इथल्या प्रेसमध्ये १९२८ पासून नोटा छापल्या जातात. त्यामुळे नोटा उजेडाला धरून जलचिन्ह बघण्यात आयुष्य गेलेली माणसं इथे मुबलक. निवृत्तीनंतर बघायला काही उरत नाही; मग एके दिवशी खालच्यांच्या छतावर जलचिन्ह उमटतं आणि काका बाथरूम फोडायला काढतात.

जुनी जीआयची लाइन आतून गंजलेली. प्लंबर म्हणतो, "काका, सगळी सीपीव्हीसी टाकू. ९३ डिग्रीपर्यंत सोसते." काका वहीत लिहून घेतात आणि विचारतात, "आणि ९४ झाली तर?"

सुनेला शॉवर समोरच्या भिंतीवर हवा. म्हणजे गरम-थंड दोन्ही लाइनी फिरवणं आलं. काकांचं मत, लाइन वरून उघडीच न्यावी. डोळ्यांसमोर नाही त्याचा हिशेब कसा ठेवणार? (यात तथ्य आहे, पण हे सुनेसमोर बोलायची सोय नाही.) "बाबा, हे बाथरूम आहे, कारखाना नाही," एवढं ऐकल्यावर काका नमतं घेतात. अट एकच: प्लास्टरआधी भिंतीतल्या प्रत्येक झिरीला मोजपट्टी लावून फोटो.

झिरी मारताना कटर हमखास अशा लाइनवर जातो, जी कुणालाच ठाऊक नव्हती. कारंजं उडतं. काकू ओट्यापाशी उभ्या राहूनच विचारतात, "अहो, दुतोंड्या मारुतीला कुठवर लागलं?" रामकुंडाजवळच्या या मारुतीवरून अख्खं नाशिक गोदेचा पूर मोजतं, क्युसेकचे आकडे नंतर. "घोट्यापर्यंत!" काका आतून प्रामाणिकपणे कळवतात.

मग प्रेशर टेस्ट. लाइनमध्ये पंपाने दाब भरायचा आणि काटा उतरत नाही ना, ते बघायचं. प्लंबर काटा बघून घरी जातो, काका स्टूल घेऊन बसतात.

"काका, रात्रीचे दोन वाजलेत."

"हे काट्याला सांग. केसभर हललाय."

काम झालं. टाइल्स चकचकीत. सुनेने टॉवेलची दांडी ठोकायला ड्रिल आणलं. काकांनी फाइल उघडली, फोटो काढला, इंच मोजले, पुन्हा मोजले.

"इथून लाइन गेलेली नाही."

"मग ठोकू?"

"थांब. हा फोटो काढला कोणी?"

"तुम्हीच, बाबा."

"तेच म्हणतो. दुसऱ्या कुणी तपासलाय का?"

टॉवेल अजून दारावरच वाळतो.