माननीय अभ्यासिकाचालकांस, डोकेदुखीसह सप्रेम

प्रति,
मा. अभ्यासिकाचालक,
सदाशिव पेठ, पुणे.

विषय : मासिक शुल्कातच डोकेदुखी पुरवल्याबद्दल आभार.

महोदय,

उपरोक्त विषयान्वये सादर करतो की, आपल्या जाहिरातीत वायफाय, आरओचं पाणी आणि चार्जिंग पॉइंट एवढ्याच सोयी छापल्या आहेत. दुपारी चारच्या सुमारास मानगुटीतून निघून डोक्याच्या मागून वर चढणारी आणि उजव्या डोळ्यामागे मुक्काम ठोकणारी डोकेदुखी मात्र त्यात नाही. एवढा विनय बरा नव्हे.

तिच्यासाठी आपण केवढी मेहनत घेतली आहे! तीन बाजूंना प्लायवूड, मध्ये एक फळी. फळी उंच, म्हणून खांदे कानांपर्यंत. पुस्तक फळीवर सपाट, म्हणून हनुवटी छातीकडे. खुर्ची मंगल कार्यालयातून निवृत्त झालेली, प्लास्टिकची. तासाभरात कंबर ढिली पडते आणि लॅपटॉप दिसावा म्हणून मान कासवासारखी बाहेर येते.

माणसाचं डोकं साधारण पाच किलोचं. केनेथ हंसराज या अमेरिकेतल्या मणक्याच्या सर्जननी २०१४ मध्ये हिशेब मांडला होता, की मान ६० अंश झुकली तर तिच्यावरचा भार सुमारे २७ किलो होतो. हे संगणकावरचं गणित आहे, कुणाच्या मानेला ताणकाटा लावून मोजलेलं नाही. तेव्हा लगेच भिंतीवर फ्रेम करून लावू नये.

आता दुखणं मानेचं, तर ठणकतं कपाळ का? कवटीच्या तळाशी छोट्या स्नायूंच्या चार जोड्या असतात. पाठीला पोक काढून स्क्रीनकडे नजर वर केली, की त्या तासन्तास आवळलेल्या राहतात. शिवाय मानेच्या वरच्या तीन नसा आणि चेहऱ्या-कपाळाची ट्रायजेमिनल नर्व्ह यांच्या तक्रारी मेंदूपर्यंत पोचण्याआधी एकाच टेबलावर येतात. तक्रार मानेची, नोंद कपाळाच्या नावावर. स्पर्धा परीक्षा देऊन सरकारी कार्यालयात जायला निघालेल्यांना ही कार्यपद्धती समजायला जड नाही. डॉक्टर अशा डोकेदुखीला सर्व्हायकोजेनिक हेडेक म्हणतात. आम्ही टेन्शन म्हणतो, मेसच्या तेलावर खापर फोडतो, चष्म्याचा नंबर तपासून येतो आणि कपाळाला बाम चोळतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. (डोळे, जागरण आणि पित्त अगदीच निर्दोष आहेत असं नाही, पण चौकशी मानेचीही व्हावी.)

वाकून बसणाऱ्या प्रत्येकाचं डोकं दुखतं असंही नाही. म्हणूनच आपली खरी कर्तबगारी मला खुर्चीत दिसत नाही, ती दिसते दारावरच्या नोटिशीत : ‘पंधरा मिनिटांपेक्षा जास्त वेळ जागा सोडल्यास ती दुसऱ्यास देण्यात येईल.’ अगदी ताठ बसलेली मानही तासन्तास तशीच ठेवली तर कुरकुरते. तिला हालचाल लागते, आणि आपण नेमकं न हलणंच भाड्याने देता. गावाहून आलेल्या वडिलांना सीसीटीव्ही दाखवून सांगता, ‘बघा काका, पोरगा सकाळपासून जागचा हललेला नाही!’ काकांचा ऊर भरून येतो. पोराचं डोकं तोवर भरून आलेलंच असतं.

त्यात २०२५ पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली. पेपर तीन तासांचा, सरावही त्याच मापाचा, म्हणजे वाचून झालं की खाली मान घालून लिहायचं. पोस्ट निघेल तेव्हा निघेल, सध्या मान निघते आहे.

मागण्या किरकोळ आहेत. पुस्तक तिरकं ठेवता येईल असा, जुन्या पेढीवरच्या मुनीमजींकडे असे तसा उतरता डेस्क. लॅपटॉप उंच करायला आम्ही खाली लक्ष्मीकांतांचं पुस्तक ठेवतोच (राज्यघटना आधारभूत असते ती अशी), फक्त वेगळा कीबोर्ड मावेल एवढी फळी रुंद करावी. दर अर्ध्या तासाने उठून जिन्यापर्यंत जाऊन येणाऱ्याकडे फितूर म्हणून पाहू नये. आणि ‘शांतता राखा’च्या शेजारी आणखी एक पाटी हवी : अचानक उसळलेली असह्य डोकेदुखी, तापासोबत आखडलेली मान किंवा हाताला मुंग्या-बधिरपणा असेल, तर बाम ठेवून थेट डॉक्टर गाठावा.

कळावे,
आपला विश्वासू,
खिडकीकडची केबिन, नॉन-एसी

ता. क. : हे पत्र कृपया भिंतीवर, उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला लावावे. टेबलावर ठेवल्यास वाचणाऱ्याच्या प्रकृतीस मी जबाबदार नाही.