शेजारशास्त्र : इयत्ता पहिली

(फ्लॅटमध्ये नव्याने राहायला आलेल्यांसाठी. जुन्या सभासदांना याची गरज नाही. त्यांचा हात बसलेला आहे.)

उद्दिष्ट. हा अभ्यासक्रम पुरा केल्यावर विद्यार्थ्याला वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याशी भांडता येईल आणि भांडूनही जिन्यात भेटल्यावर 'काय काका, भाजी का?' असं विचारता येईल. यातलं पहिलं उपजत येतं, दुसऱ्याला अभ्यास लागतो. चाळीत भांडण नळावर व्हायचं, फ्लॅटमध्ये ते नळाखाली होतं. म्हणून या इयत्तेला एकच शेजारी नेमला आहे, वरचा. आपल्या पार्किंगमध्ये पाहुण्यांची गाडी लावणारे आणि जिन्यात चपलांचं कपाट ठेवणारे पुढच्या इयत्तांत येतील.

साहित्य. तारखा लिहायला एक वही. फोटोसाठी मोबाइल. सोसायटीच्या उपविधींची पुस्तिका (ही सेक्रेटरींच्या कपाटात असते; मागितल्यावर 'तुम्हाला कशाला हवी?' असं विचारलं जातं, घाबरू नये). आणि एक झाकणाची वाटी. लांब दांड्याचा झाडू आणू नये. छतावर ठोकलं की पोपडे आपल्याच डोळ्यांत पडतात.

धडा १ : आवाज. रात्री अकरानंतर वरून गोटी पडल्याचा आणि घरंगळल्याचा आवाज येतो. वरच्यांच्या घरात लहान मूल नसलं तरी येतो. लगेच वर धावू नका. नळ झटक्यात बंद झाला की पाईपमध्ये पाणी दणका देतं, त्याचेही आवाज भिंतीतून असे फिरतात. खुर्ची ओढल्याचा आवाज मात्र खुर्चीचाच असतो. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. त्यांत रात्र १० ते ६ धरली आहे आणि निवासी भागात दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. हे आकडे पाठ करा, पण वरच्यांना ऐकवू नका. त्याऐवजी खुर्चीच्या पायांना लावायच्या रबरी टोप्यांचं एक पाकीट नेऊन द्या. डेसिबलपेक्षा स्वस्त पडतं.

धडा २ : ओल. हा धडा नीट करा, परीक्षेत यावरच प्रश्न येतात.

पाण्याची खोड अशी की गळतं वरच्याचं आणि दिसतं खालच्याला. बाथरूमच्या छताला आधी पिवळट नकाशा उमटतो, मग रंगाला फुगे धरतात, मग पोपडे सुटतात, आणि दुर्लक्ष केलंत तर स्लॅबमधून उतरलेल्या चुन्याचे पांढरे सुळके लोंबू लागतात. या अवस्थेत चिडायचं नसतं, निरीक्षण करायचं असतं. वही काढा.

ओल चोवीस तास सारखीच राहते? वरच्यांकडे कुणी नसतानाही टपकतं? मग भिंतीतल्या कन्सील्ड पाईपवर संशय घ्या, कारण त्यात दाबाचं पाणी कायम असतं. सकाळच्या आंघोळी आटोपल्या की तासाभरात वाढते? मग नहाणी ट्रॅपचा सांधा किंवा फरशीखालचं वॉटरप्रूफिंग. फक्त पावसाळ्यात येते, तीही बाहेरच्या भिंतीला? मग काका निर्दोष आहेत; गच्ची आणि बाहेरच्या भिंतींची गळती आदर्श उपविधींप्रमाणे सोसायटीच्या खर्चाने काढायची असते. संडास-बाथरूम-सिंकची आतली गळती ज्याच्या फ्लॅटची, त्याच्या खर्चाने. निम्मी भांडणं हा फरक न पाहता सुरू होतात आणि फरक कळल्यावर, आता माघार कशी घ्यायची म्हणून, चालू राहतात.

खात्रीची चाचणी एकच. वरच्या बाथरूममधल्या नहाणीचं तोंड बोळा कोंबून बंद करायचं, फरशीवर दोन-तीन बोटं पाणी भरायचं आणि दिवसभर तसंच ठेवायचं. पाण्यात रंग टाकला तर आणखी छान. खाली रंगीत थेंब आला की वाद मिटला.

यातली अडचण चाणाक्ष विद्यार्थ्याच्या लक्षात आलीच असेल. बाथरूम वरच्यांचं आहे.

धडा ३ : पहिली भेट. रविवारी सकाळी अकरा ही वेळ उत्तम. एक ते चारमध्ये बेल वाजवणाऱ्याची कुठलीही मागणी मान्य होत नाही. संवादाचा सराव करून जा:

'काका, आमच्या बाथरूमला जरा ओल आलीय.'

'आमच्याकडे तर सगळं कोरडं आहे.'

'हो ना. एकदा खाली येऊन बघता का?'

'मागचे लोक दहा वर्षं राहिले, त्यांनी कधी तक्रार केली नाही.'

मागचे लोक फ्लॅट विकून का गेले, हे इथे विचारायचं नाही. आपण फक्त 'खाली या' म्हणायचं. काका खाली आले, मान वर करून दोन मिनिटं उभे राहिले आणि एक थेंब त्यांच्या चष्म्यावर पडला, की अर्धा अभ्यासक्रम संपला. नाही आले तर काकूंकडे वाटी पाठवा, पण भरून. वाटी रिकामी परत करत नाहीत. ती परत द्यायला कुणीतरी येईल, आणि त्याला बाथरूम दाखवता येईल.

धडा ४ : अर्ज. तोंडी उपाय थकले की लेखी. अर्जात 'बेशरम', 'मुद्दाम' आणि 'तुमच्यासारखी माणसं' हे शब्द नकोत. तारखा, फोटो आणि 'सविनय' एवढं पुरे. दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्क्यासह पोच घ्या. पोच नसेल तर अर्ज दिलाच नव्हता. समितीने तो पुढच्या बैठकीत घ्यावा आणि त्यानंतर पंधरा दिवसांत निर्णय कळवावा, असं उपविधी सांगतात. निर्णय बहुधा असा येतो : 'हा दोन सभासदांमधील खाजगी वाद आहे.' तेव्हा धडा २ मधला खर्चाचा नियम, पान दुमडून, शांतपणे समोर ठेवायचा. रागाच्या भरात मेंटेनन्स मात्र थांबवू नका. थकबाकीवर सोसायटी व्याज लावू शकते, आणि ओल तेवढ्याने वाळत नाही.

धडा ५ : सोसायटीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. नाही.

धडा ६ : वार्षिक सभा. ही ३० सप्टेंबरच्या आत होते. गणपूर्ती न झाल्यास अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी पुन्हा भरेल, हे नोटिशीत छापलेलंच असतं. त्यामुळे जाणकार अर्ध्या तासानेच येतात. तुमची ओल 'ऐनवेळच्या विषयां'त येईल, म्हणजे वडे आल्यावर. तीन वाक्यांत बोला. चौथ्या वाक्याला कुणीतरी आपल्या ओलीची गोष्ट सुरू करतं आणि सभा गच्चीवर जाते.

धडा ७ : कायदा. वाटा पुष्कळ आहेत. समिती ढिम्म राहिली तर उपनिबंधक, सोसायटीच्या कारभाराशी निगडित वाद असेल तर १९६० च्या सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ९१ खाली सहकार न्यायालय, दोन सभासदांतल्या नुकसानभरपाईला दिवाणी न्यायालय. विद्यार्थ्याने या सगळ्या पायऱ्या मनातल्या मनात चढून पाहाव्यात. शेवटच्या पायरीवर, जिंकल्यानंतर, हातात काय येतं? वरच्यांनी दुरुस्ती करावी असा आदेश. म्हणजे पुन्हा तीच बेल, तेच दार, तेच काका. खालून कितीही रंग मारा, वरची फरशी वरूनच दुरुस्त होते. म्हणून भांडण त्या दारातून प्लंबर आत जाऊ शकेल एवढंच मोठं करायचं. एका वेळी एकच विषय. ओल चालू असताना खुर्च्या, कुंड्या आणि त्यांच्या मुलाची बुलेट काढायची नाही.

शेजारी बदलण्याचा म्हणून एक राजमार्ग सांगितला जातो, पुनर्विकास. त्याला २०१९ च्या शासन निर्णयानुसार ५१ टक्के सभासदांची संमती लागते. ती गोळा करताना काकांचंही मत मोजावं लागेल, आणि नव्या इमारतीत फ्लॅटच्या चिठ्ठ्या निघतील तेव्हा तुमच्या डोक्यावर कोण येईल, हे उपविधींत लिहिलेलं नाही.

स्वाध्याय

१. रिकामी जागा भरा : 'आमच्याकडे तर सगळं ______ आहे.'

२. कारणे द्या : वाटी रिकामी पाठवू नये.

३. फरक स्पष्ट करा : पावसाळ्यातली ओल आणि आंघोळीनंतरची ओल.

४. प्रात्यक्षिक (गुण सर्वाधिक) : स्वतःच्या बाथरूममधली नहाणी बंद करा, पाणी भरा आणि खालच्या मजल्यावर जाऊन त्यांना छत बघायला सांगा. त्यांनी बोलावण्याआधी.