घोड्याला उलटी होत नाही

घोड्यांचा माझा अनुभव एकूण पाऊण तासाचा. त्यातली दहा मिनिटं जुहूच्या चौपाटीवर, वय वर्षं सहा. उरलेली माझ्याच वरातीत, कपाळाला मुंडावळ्या. एवढ्या भांडवलावर डिसेंबर 2018 मध्ये मी एका दुखणाईत घोडीला आरे कॉलनीतून थेट शहाद्याला पोचवायचं पत्करलं. कोणी गळ घातली नव्हती. घोडीचे मालक चाचा एवढंच म्हणाले, "सोबत कोणी जाणतं माणूस असतं तर बरं झालं असतं." टपरीवर तेव्हा मी सोडून कोणी नव्हतं. मी तो इशारा समजलो.

ही घोडी, राणी, पूर्वी मुंबईत व्हिक्टोरिया घोडागाडी ओढायची. जून 2015 मध्ये उच्च न्यायालयाने व्हिक्टोरिया बेकायदा ठरवून वर्षभरात बंद करायला सांगितल्या, तेव्हा चाचांनी तिला आरेतल्या ओळखीच्या तबेल्यात, म्हशींच्या शेजाराला आणून ठेवलं. वय सतरा, आणि दोनदा पोटशूळ होऊन गेलेला. चाचांचा एक जुना स्नेही शहाद्याजवळ शेती करतो. सारंगखेडा तिथून जवळ. दत्तजयंतीला तापीकाठी घोडेबाजार भरतो तेच. म्हणजे घोड्याचं दुखणं डोळ्यांनी ओळखणारी माणसं त्या मुलखात. राणीने उरलेलं आयुष्य तिथे काढावं असं ठरलं.

आरे ही मुळात जनावरं हलवूनच वसलेली जागा. 1949 पासून दारा खुरोडींनी मुंबईच्या गल्लीबोळांतल्या तबेल्यांमधल्या म्हशी इथे आणल्या. 1963 साली त्यांना कुरियन आणि त्रिभुवनदास पटेलांबरोबर मॅगसेसे मिळालं. हजारो म्हशींना मॅगसेसे, तर एका घोडीला निदान सोसायटीच्या पूजेत नारळ, असा माझा हिशेब होता.

जनावरांच्या डॉक्टरांनी राणीला तपासून प्रवासाचा दाखला दिला आणि मला तासभर शिकवलं. ते सगळं मी वहीत उतरवून घेतलं. डोकं उंच आवळून बांधायचं नाही. मान खाली करता आली नाही तर नाकातली घाण फुप्फुसात उतरते. तीन-चार तासांनी थांबायचं, पाणी दाखवायचं. परक्या गावचं पाणी घोडं तोंडाला लावत नाही, म्हणून आठ दिवस आधीपासून पाण्यात थोडा गूळ घालायचा, म्हणजे सगळीकडचं पाणी घरचंच लागतं. खुराक कमी, गवत ओलं करून. आणि मुख्य म्हणजे पोटाला कान लावायचा. आतडी गुरगुरत असली तर ठीक. गप्प झाली की धोका. "घोड्याला उलटी होत नाही," डॉक्टर म्हणाले. "घशाखाली गेलं ते वर येत नाही. म्हणून पोट बिघडलं की जिवावर बेततं." या वाक्याखाली मी लाल पेनाने दोन रेघा मारल्या. त्याच दिवशी स्टेथोस्कोपही विकत घेतला.

पहाटे चारला निघालो. म्हशी चढवायच्या ओट्याला टेम्पो टेकवला, तुसावर पाय ठेवून राणी शांतपणे आत गेली. मी मात्र आरेतल्या बिबट्याच्या धास्तीने मागे बघत चढलो आणि फळीवरून घसरलो. टेम्पोवाला पोरगा म्हणाला, "काका, आधी तुम्हाला चढवायला हवं होतं."

तीन-चार तास कसला धीर निघतोय? तास-सव्वा तासात पडघ्यापाशीच मी टेम्पो थांबवला. राणीच्या पोटाला स्टेथोस्कोप लावला. आहाहा, काय गडगडाट! एवढी निरोगी आतडी डॉक्टरांनीही ऐकली नसतील. मी अंगठा दाखवला, पोराने इंजिन बंद केलं, आणि गडगडाटही बंद झाला.

आतडी गप्प! माझ्या पायांतलं बळ गेलं. पोराला धाब्यामागची मोकळी जागा शोधायला लावली, टेम्पो बांधाला लावून राणीला उतरवली आणि थंडीत तिला फिरवत राहिलो. चाळीस मिनिटं. डॉक्टरांना चार फोन केले, पाचवा त्यांनी उचलला. पोरगा कटिंग पीत बघत होता. शेवटी त्याने माझ्या गळ्यातला स्टेथोस्कोप घेतला, पुढची डबी अर्धी फिरवली आणि परत दिला. "आता ऐका. आमच्या आजीकडे पण होता." आत पखवाज चालला होता. तेवढ्यात राणीने शेपटी उचलली आणि वाफाळती लीद टाकली. ढब्बू, ओलसर, घट्ट. मुलीच्या दहावीच्या निकालाला मी इतका गहिवरलो नव्हतो. फोटो काढून चाचांना पाठवला. त्यांचं उत्तर आलं, "माशाल्ला. आप नाश्ता करो."

तिथेच चूक झाली. मी मिसळ खाल्ली, जादा तर्री घेऊन.

राणीवर लक्ष राहावं म्हणून मी मागे तिच्याजवळ बसलो होतो, पाठ पुढे आणि तोंड मागच्या फळीकडे. कसारा घाटाच्या तिसऱ्या वळणावर रस्ता फळीआडून मागे पळायला लागला, चौथ्यावर पोटात काहीतरी सुटलं. पुढचं सांगत नाही. मी घोडा नाही एवढं मात्र वैद्यकीयदृष्ट्या सिद्ध झालं. राणी वळणावर पाय फाकवून भार या बाजूचा त्या बाजूला करत होती, ओलं गवत चघळत होती, आणि अधूनमधून मान वळवून माझ्याकडे पाहत होती. तोंड धुवायला पाणी तेवढं एकच होतं, तिच्या बादलीतलं, गुळाचं. प्यालो. खरोखर घरचं लागलं.

इगतपुरीला मी पुढच्या सीटवर गेलो. नाशिक, मालेगाव, धुळे यांतलं मला फक्त प्रत्येक ठिकाणचं मेडिकल आठवतं. पाणी पाजणं, गवत, लीद मोजणं हे सगळं पोराने केलं, माझ्या वहीत बघून. माझ्या अक्षराचं कौतुकही केलं.

रात्री नऊनंतर शेतावर पोचलो. चाचांचे स्नेही कंदील घेऊन आले. राणीच्या हिरड्या बघितल्या, कानशिलाला हात लावला, बरगडीवर थाप मारली. मग कंदील माझ्या तोंडापुढे धरला.

"घोडी तं बरी शे. तुमले काय व्हयनं?"

राणी आजही तिथेच आहे आणि पोटशूळ पुन्हा झालेला नाही. मी दुसऱ्या दिवशी दोंडाईच्याहून रेल्वे पकडून सुरतमार्गे बोरिवलीला आलो. तो रस्ता लांबचा पडतो, पण त्यावर कसारा घाट नाही.