नखं उरलेला हत्ती

मराठी माणूस किल्ल्यावर जातो तो दम लागावा म्हणून. वर पिठलं-भाकरी मिळाली आणि ‘इथे सदर होती’ म्हणून एखादा चौथरा दाखवला, की त्याचं भागतं. एडिंबर्गच्या किल्ल्यावर मात्र भररस्त्यातून चालत जायचं, आणि आत गेल्यावर सगळं जागच्या जागी!

इथे 1861 पासून दुपारी एकला तोफ उडते, रविवार वगळून. लीथ बंदरातल्या जहाजांना घड्याळं लावता यावीत म्हणून ही सोय. मग बाराला का नाही? बाराला बारा बार काढावे लागले असते, असं तिथलेच लोक हसत सांगतात. सदाशिव पेठेनं हे गाव दत्तक घ्यायला हरकत नाही.

‘मॉन्स मेग’ ही सहा टनांची तोफ. 1558 साली स्कॉटलंडच्या राणी मेरीच्या लग्नाच्या आनंदात उडवली, तर गोळा दोन मैलांवर पडला. तो शोधून परत आणवला. दगडी असला म्हणून काय झालं! पुढे 1681 मध्ये राजाच्या भावाच्या वाढदिवसाची सलामी देताना ती फुटली. एवढी भीमकाय तोफ, आणि लक्षात राहिली ती लग्नकार्यामुळे.

एवढी काटकसरी माणसं, पण राजमुकुट मात्र विसरली. 1707 मध्ये स्कॉटलंडची इंग्लंडशी एकी झाल्यावर तो पेटीत कुलूपबंद झाला. 1818 मध्ये कादंबरीकार वॉल्टर स्कॉट वगैरे मंडळींनी पेटी उघडवली, तेव्हा आजीच्या माळ्यावरच्या ट्रंकेतल्या पैठणीसारखा कापडात गुंडाळलेला निघाला.

मुकुटापुढे गर्दी होती. मी रेंगाळलो युद्ध संग्रहालयात, हत्तीच्या नखांपाशी. त्यांच्या गोष्टीचं मूळ आपल्याकडे आहे. 1803 साली जालन्याजवळच्या असईला शिंदे-भोसल्यांचा पराभव झाला. त्या लढाईबद्दल 78व्या हायलँडर्स या स्कॉटिश पलटणीला हत्तीचं मानचिन्ह मिळालं. चिन्हावर न भागल्यामुळे की काय, 1838 मध्ये सिलोनहून परतताना पलटणीनं जिवंत हत्तीच आणला. ही नखं त्याचीच. तो किल्ल्याच्या तबेल्यात राहायचा आणि कँटीनच्या खिडकीतून सोंड घालून बियर मागायचा म्हणे.

पराभव आपला, मान त्यांचा, हे मनाला लागायला हवं होतं. पण त्या बियरबाज हत्तीवर राग धरणार तरी कसा? त्याला असई कुठे आहे हेही कुणी सांगितलं नसेल.