पृथ्वीरक्षण, नाश्त्यासह

कोकणात जायचं रेल्वेचं तिकीट साठ दिवस आधी सकाळी आठला खुलं होतं आणि आठ वाजून दोन मिनिटांनी वेटिंगला लागतं. मुंबई-गोवा महामार्ग पूर्ण होण्याची तारीख दर गणपतीला येते आणि गणपतीबरोबरच पाण्यात जाते. महाबळेश्वरला मे महिन्यात थंड हवा शिल्लक असेलही, पण ती खायला आधी घाटातला धूर खावा लागतो. विमानाने कुठे जावं, तर मुलं कार्बन उत्सर्जनावर प्रवचन देतात. अशा चारी बाजूंनी कोंडलेल्या मध्यमवर्गीयाला एकच वाट मोकळी उरते: आपल्याच शहरातलं पंचतारांकित हॉटेल. घरापासून टॅक्सीने अर्ध्या तासावर जायचं, आपलंच शहर नवव्या मजल्यावरून अनोळखी असल्यासारखं बघायचं आणि परत आल्यावर सोसायटीत सांगायचं, ‘जरा बाहेर गेलो होतो.’ याला स्टेकेशन म्हणतात.

लग्नाच्या वाढदिवसाला आमच्या मुलीने आम्हा दोघांना असंच एका हॉटेलात धाडलं. नाव सांगत नाही. हॉटेल जुनंच, पण नूतनीकरण होऊन नुकतंच उघडलेलं, आणि त्या नूतनीकरणात त्याला पर्यावरणाचा साक्षात्कार झालेला. खोलीचं भाडं साडेसात हजारांच्या बरंच वर, म्हणजे १८ टक्के जीएसटीच्या इयत्तेत. साडेसात हजारांच्या खूप आतही पृथ्वी वाचवायची सोय आपल्याकडे पिढ्यानपिढ्या आहे, तिला लॉज म्हणतात. तिथे एसी बिघडलेला असतो, गरम पाणी सकाळी सात ते आठ, बादली एक, टॉवेल एक, तोही मागितल्यावर. इतका काटकसरीचा संसार शोधून सापडायचा नाही. पण लॉजच्या काउंटरमागे गणपतीचा फोटो असतो, प्रमाणपत्र नसतं.

इथे प्रमाणपत्र लॉबीतच होतं, खऱ्या झाडांच्या उभ्या भिंतीवर. त्या झाडांना ऊन मिळावं म्हणून भर दुपारी दिवे लावलेले. हरित इमारतींच्या या प्रमाणपत्रांना श्रेणी असतात: सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम. पृथ्वी कमीत कमी खोदल्याबद्दलची ही बक्षिसं, आणि नावं मात्र सगळी खाणीतली.

हिरवी पंचतारांकित हॉटेलं आपल्याला नवीन नाहीत म्हणा. विठ्ठल कामतांनी विलेपार्ल्यात विमानतळाजवळ ‘ऑर्किड’ काढलं ते १९९७ साली, आणि त्यावर मराठीत पुस्तकही लिहिलं. तेव्हा लोक त्यांना वेड्यात काढत असतील. आता वेड सार्वत्रिक झालंय आणि प्रत्येक खोलीत त्याची पुस्तिका ठेवलेली असते.

आमच्या खोलीतली पुस्तिका पुनर्वापराच्या कागदावर छापलेली, जाडजूड होती. पहिलंच वाक्य: आम्ही प्लास्टिकच्या स्ट्रॉला निरोप दिला आहे. अहो, १ जुलै २०२२ पासून अख्ख्या देशाने दिलाय. महाराष्ट्राने तर २०१८ मध्येच दिला होता. पुढचं वाक्य: आमचा ओला कचरा आम्ही आवारातच जिरवतो. दिवसाला शंभर किलोंच्या वर कचरा काढणाऱ्याने तो होईल तितका स्वतःच्या आवारात जिरवावा, हे २०१६च्या नियमांनीच सांगितलं होतं. त्यापुढे: सांडपाणी शुद्ध करून बागेला घालतो. मोठ्या बांधकामांच्या पर्यावरण मंजुरीत ही अट असतेच. म्हणजे पुस्तिकेचा सारांश इतकाच की आम्ही कायदा पाळतो. मीही अशी पुस्तिका छापून दारात ठेवावी म्हणतो. मी लाल सिग्नलला थांबतो. मी आयकर भरतो. शेजाऱ्यांचा पेपर मी वाचून झाल्यावर परत नेऊन ठेवतो. या प्रवासात माझे सोबती व्हा.

न्हाणीघरात कार्ड होतंच. टॉवेल पुन्हा वापरायचा असेल तर दांडीवर टांगा, बदलून हवा असेल तर खाली टाका, निवड तुमची, पृथ्वी आपल्या सगळ्यांची. या कार्डाचा इतिहास मोठा आहे. १९८६ मध्ये जे वेस्टरवेल्ड नावाच्या अमेरिकन पर्यावरणवाद्याने नेमकं हेच कार्ड समोर ठेवून एक लेख लिहिला होता. हॉटेलाला धुलाईचे पैसे वाचवायचे आहेत आणि पुढे केलाय समुद्र, असा त्याचा मुद्दा. ‘ग्रीनवॉशिंग’ हा आज कोर्टकचेऱ्यांपर्यंत पोचलेला आरोप जन्माला आला तो या टॉवेलातून. चाळीस वर्षं होत आली, कार्ड जिथल्या तिथे आहे. फक्त त्यावर पूर्वी डॉल्फिन असायचा, आता पान असतं.

आणि या कार्डावर संशोधनही झालंय. गोल्डस्टीन, चाल्डिनी आणि ग्रिस्केव्हिशस या तिघांनी अमेरिकेतल्या एका हॉटेलात वेगवेगळ्या मजकुराची कार्डं ठेवून पाहिली. निष्कर्ष २००८ मध्ये छापून आले. ‘पर्यावरण वाचवा’ म्हटल्यावर सदतीस टक्क्यांच्या आसपास लोकांनी टॉवेल पुन्हा वापरला. ‘याच खोलीत तुमच्याआधी राहिलेले बहुतेक पाहुणे टॉवेल पुन्हा वापरतात’ असं लिहिल्यावर आकडा जवळजवळ पन्नासवर गेला. लोक काय म्हणतील, हे आमच्या आजीचं धोरण अमेरिकेतल्या प्राध्यापकांनी आकडेवारीसकट सिद्ध करून दाखवलं. आजीला मात्र कोणी संशोधन निधी दिला नाही.

‘‘ओला टॉवेल पलंगावर टाकू नका, दांडीवर टाका, हे मी लग्न झाल्यापासून सांगतेय,’’ सौ. कार्ड वाचून म्हणाली. ‘‘कार्ड छापायला हवं होतं.’’

मी कार्डाला मान दिला आणि टॉवेल टांगला. संध्याकाळी येऊन पाहतो तर चारही टॉवेल बदललेले, करकरीत, हंसाच्या आकारात घडी घालून पलंगावर. हाउसकीपिंगचा पोरगा चिपळूणचा निघाला. त्याला विचारलं तर कानाशी येऊन म्हणाला, ‘‘काका, कार्ड गेस्टसाठी. आमचा सुपरवायझर खोली चेक करतो, टॉवेलाला चुणी दिसली की मला बोलतो. तुम्ही टॉवेलासाठी भांडणार नाही, तो माझ्याशी भांडेल.’’ इतकं स्वच्छ विवेचन त्या जाडजूड पुस्तिकेत नव्हतं.

टॉवेलाचं जाऊ द्या, पाण्याकडे येऊ. आपल्याकडे शहरांच्या पाणीपुरवठ्याचा मापदंड माणशी दिवसाला १३५ लिटर धरतात. इमारतींच्या राष्ट्रीय संहितेत पंचतारांकित हॉटेलातल्या माणसाला ३२० लिटर धरलेले आहेत. म्हणजे मी घरी असताना १३५ लिटरचा इसम असतो. टॅक्सीत बसून हॉटेलच्या दारात उतरलो की जवळजवळ अडीच माणसांएवढा मळतो. घरी आम्ही बादलीने अंघोळ करतो. इथे डोक्यावर परातीएवढा शॉवर, शेजारी काचेच्या भिंतीआड टब, आणि टबाच्या कडेला बांबूच्या टूथब्रशचं पाकीट. बांबूचा टूथब्रश का, तर पृथ्वी वाचावी. टब का, हे विचारायचं नाही.

मुंबईत हे पाणी येतं कुठून? निम्म्याच्या आसपास एकट्या भातसा धरणातून, बाकी तानसा, वैतरणा वगैरे. भातसा आणि तानसा दोन्ही शहापूर तालुक्यात. त्याच शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवर दर उन्हाळ्यात टँकरची वाट बघत हंडे रांगेत लागतात, ही बातमी वर्तमानपत्रांना आता नव्याने लिहावी लागत नाही. मागच्या वर्षीचीच काढून तारीख बदलली तरी चालते. २०२४ मध्ये तलाव तळाला गेले तेव्हा ५ जूनपासून मुंबईकरांचं पाणी १० टक्क्यांनी कापलं होतं. आमच्या सोसायटीत तेव्हा सेक्रेटरींनी जिन्यात फळा लावून वेळापत्रक लिहिलं होतं. हॉटेलात फळा नव्हता. हॉटेलांत पाणीकपात नसते, ‘ऑपरेशनल ॲडजस्टमेंट’ असते आणि ती मागच्या दाराने टँकरमधून येते.

एसीबद्दल फार बोलत नाही. घरगुती एसी २४ अंशांवर चालवा, एकेका अंशाला सहा टक्के वीज वाचते, असं सरकारचा वीज बचत विभाग कधीपासून सांगतोय. इथे आत आलो तेव्हा २० अंश होते आणि पलंगावर डिसेंबरच्या मनालीला पुरेल अशी रजई. दाराजवळच्या खाचेत खोलीच्या चावीचं कार्ड घातलं तरच दिवे लागतात, काढलं की सगळं बंद. ही मात्र खरी चांगली सोय. म्हणून तर आमच्या शेजारच्या खोलीतल्या गृहस्थांनी रिसेप्शनवरून दुसरं कार्ड मागून आणलं, ते खाचेत ठेवलं आणि एसी तसाच चालू ठेवून जेवायला गेले. लिफ्टमध्ये मला म्हणाले, ‘‘परत आल्यावर खोली कशी गार मिळते.’’

नाश्ता भाड्यात होता, त्यामुळे तो पूर्ण वसूल करणं हे कर्तव्यच. बुफेवर हिरवी पाटी: स्थानिक, हंगामी, शेतातून थेट ताटात. पाटीखाली ॲव्होकाडो, ब्लूबेरी आणि स्मोक्ड सामन. भर आंब्याच्या दिवसांत हापूस कुठे, तर एका वाटीत चौकोनी तुकडे, वर चिया. नाचणीही होती. नाचणीचं घावन आमच्याकडे लसणीच्या चटणीबरोबर खातात. इथे त्याचा पॅनकेक झालेला आणि वर मेपल सिरप. म्हणजे नाचणी जव्हारची असेल असं धरून चालू, आणि पाक कॅनडाचा. सौ.ने वेटरला लसणीची चटणी आहे का म्हणून विचारलं. तो आत गेला आणि कर्मचाऱ्यांच्या जेवणातली घेऊन आला. अख्ख्या बुफेत खऱ्या अर्थाने स्थानिक असलेला तो एकच पदार्थ पाटीवर नव्हता.

आता एक गोष्ट कबूल करायला हवी, कारण हॉटेलवाल्यांनी ती स्वतः कुठेच लिहिलेली नाही. त्यांनी इमारत पाडली नाही. मुंबईत इमारतीला तीस वर्षं झाली की स्ट्रक्चरल ऑडिट सक्तीचं होतं, आणि ऑडिटवाला जिना उतरायच्या आत सोसायटीच्या मीटिंगमध्ये ‘रिडेव्हलपमेंट’ सुरू होतं. धडधाकट इमारती ‘वाढीव एरिया’साठी मातीत जातात. जगातल्या कार्बन उत्सर्जनातला सात-आठ टक्के वाटा एकट्या सिमेंटचा आहे. या लोकांनी जुना सांगाडा ठेवला, खिडक्या बदलल्या, गच्चीवरची गार हवेची यंत्रं बदलली. बांबूच्या हजार टूथब्रशांनी होणार नाही इतकं काम तेवढ्यात झालं असेल. पण पाडली नाही, ही काही फोटो काढण्यासारखी गोष्ट नाही. न पडलेल्या भिंतीचा सेल्फी कोण काढणार? आणि हॉटेलांतून निघालेले जुने पलंग, आरसे, खुर्च्या ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात जातात, पॉलिश होऊन कुणाच्या तरी नालासोपाऱ्याच्या वन-बीएचकेत नवा संसार थाटतात. त्या सुतारांकडे प्लॅटिनम सोडाच, जस्ताचंही प्रमाणपत्र नाही.

बिल आलं ते ईमेलवर, कागद वाचवून. मग सही हवी म्हणून त्याची छापील प्रत आली. सौ.ने चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं. शेवटची ओळ: वृक्षारोपण योगदान, ऐच्छिक, रुपये दोनशे.

‘‘ऐच्छिक आहे तर आधीच कसं लावलं?’’ तिने विचारलं.

‘‘मॅम, बहुतेक गेस्ट देतात,’’ काउंटरवरचा मुलगा म्हणाला. तो चाल्डिनी वाचून आला होता की काय कोण जाणे.

‘‘झाड लावणार कुठे?’’

‘‘शहापूर साइडला, मॅम.’’

‘‘घालायला पाणी आहे तिथे?’’

मुलाने मॅनेजरकडे पाहिलं. मॅनेजरने आमच्या मागे पाहिलं. मागे रांग लागली होती: चाकाच्या बॅगा, गॉगल, शेजारच्या खोलीतले गार हवेचे भोक्ते गृहस्थही. सगळे दोनशे रुपयांचा हा खटला ऐकत उभे. सौ. म्हणाली, ‘‘काढा ते.’’

मी म्हटलं, ‘‘राहू द्या, राहू द्या.’’