नकाशा कोरडा, वाट ओली

खोपोलीजवळच्या साजगावात बोंबल्या विठोबाची जत्रा कार्तिकात भरते, म्हणून तिथले सुके बोंबील सुकेच राहतात. डोंगरवेडे मात्र उगवतात ऐन आषाढात. सोबत भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० चा नकाशा. २ सेंटिमीटर म्हणजे १ किलोमीटर. त्यावर मेणबत्ती घासलेली, वर दुहेरी प्लॅस्टिक, कडांना चिकटपट्टी, आणि सगळा ऐवज सॅकच्या तळाशी. वाट चुकली तरी तो कोणी काढत नाही, भिजेल ना! शेवटी खताची गोणी डोक्यावर पांघरलेल्या गुराख्याला विचारायचं, "मामा, नागफणीच्या डोंगराला कुठून?" मामा काठी वर करतात. ढगाकडे.