कट्ट्यावरील मुत्सद्दी

कोल्हापुरात फुटबॉलचा हंगाम सुरू झाला, की पाटाकडील, शिवाजी, दिलबहार, खंडोबा अशा मंडळांच्या नि तालमींच्या कट्ट्यांवर जे मुत्सद्दी जमतात (ज्यांपैकी बहुतेकांचा पाय वर्षानुवर्षे चेंडूला लागलेला नसतो), त्यांच्या संघबांधणीच्या मसलती ऐकून पेशवाईतील फडणिसांनीही लेखणी खाली ठेवावी. बचावफळी दुर्बल आहे, सबब परदेशी खेळाडू आणावा, असा ठराव जो सद्गृहस्थ तावातावाने मांडतो, तोच घटकाभराने, पेठेतील पोरांना संधी मिळत नाही म्हणून तितक्याच तळमळीने फिर्याद गुदरतो. आणि या दोन मतांत काही विसंगती असल्याचे सुचविणारा इसम तत्काळ दुसऱ्या पेठेचा हेर ठरतो. शाहू स्टेडियमवर गर्दी उसळली तर श्रेय आपल्या समर्थकांचे, ओसरली तर कसूर वेळापत्रकाची, हा निवाडा तर कायमचाच मंजूर आहे. खेळाडू घडविण्याचे म्हणाल, तर येथील अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारतातर्फे खेळला, तो पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत तयार होऊन. परंतु त्याचे गुण बालपणीच प्रथम आपण पारखले, असे शपथेवर सांगणारे साक्षीदार मात्र हरएक कट्ट्यावर मुबलक आहेत.